निखारे वर, निखारे खाली

मागच्या अंकात काऊबॉय लोकांच्या उघड्यावरच्या स्वयंपाकाबद्दल आणि त्यांच्या त्या जाडजूड बिडाच्या भांड्यांबद्दल लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आली. मला वाटलेलं लोक फक्त भांडं कुठे मिळेल एवढंच विचारतील, पण नाही, तुम्ही तर थेट विस्तवातच हात घातलात आणि मला खरंच फार बरं वाटलं. जमतील तेवढे प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, सिनेमात काऊबॉय म्हटलं की शेकोटीवर मांसाचा हा एवढा तुकडा भाजत असतो. ते खरंच रोज तेच खायचे का? – एक वाचक, गिरगाव

नाही हो, रोज तर अजिबातच नाही. कारण अगदी साधं आहे, काऊबॉय हाकायचे ती गुरं त्यांची नव्हतीच. टेक्सासमधून हजारो गुरं हाकत कॅन्ससच्या रेल्वे स्टेशनपर्यंत न्यायची, तिथून गाडीत भरून पूर्वेकडच्या शहरांत विकायची, असा तो धंदा, १८६० आणि ७० च्या दशकातला. मालकाचा विकायचा माल कापून खाणार कोण? एखादं जनावर लंगडं झालं किंवा जखमी झालं तरच कापायचे, आणि मग मात्र काळीज म्हणू नका मेंदू म्हणू नका, सगळं एकाच स्ट्यूमध्ये जायचं. एरवी रोजचं जेवण म्हणजे पिंटो बीन्स, खारवलेलं डुकराचं मांस, आंबवलेल्या पिठाचे बिस्किट (हे आपलं चहात बुडवायचं नाही, छोटा मऊ पाव समजा), कधी वाळवलेली सफरचंदं आणि काळी कॉफी.

हे सगळं शिजायचं चकवॅगनपाशी, म्हणजे स्वयंपाकाचं सामान नेणाऱ्या, जनावरांनी ओढायच्या गाडीपाशी. चार्ल्स गुडनाइट नावाचा टेक्सासचा गुरांचा मोठा व्यापारी होता, त्याने १८६६ साली सैन्याची जुनी, स्टुडबेकर कंपनीची गाडी घेतली आणि तिच्या मागच्या बाजूला खणाखणांचं लाकडी कपाट बसवलं, पीठ, मीठ, कॉफी, औषधं, सगळ्याला आपापला खण, आणि कपाटाचं दार खाली पाडलं की तेच टेबल. ज्याच्या घरात दहा बाय दहाचं किचन आहे त्याला या डोक्याचं मोल लगेच कळेल. गाडीच्या पोटाखाली झोळीसारखं कातडं बांधलेलं असायचं, त्यात वाटेत मिळेल ते सरपण टाकत जायचं, आणि माळरानावर झाडच नसेल तर वाळलेलं शेण. म्हणजे आपल्या शेण्याच की!

त्या आचाऱ्याला सगळे कुकी म्हणायचे आणि त्याचा शब्द म्हणजे शब्द. धूळ चुलीकडे येईल अशा बाजूने घोडा आणायचा नाही, त्याच्या टेबलावर बसून जेवायचं नाही, त्याने हाक मारल्याशिवाय भांड्याला हात लावायचा नाही. आंबवलेल्या पिठाचा छोटा पिंप तो थंडीत स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपायचा, पीठ गारठून मरू नये म्हणून. आणि रात्री झोपण्याआधी गाडीचा पुढचा दांडा ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायचा, म्हणजे सकाळी आभाळ भरून आलं तरी उत्तर कुठे ते कळतं. दिवसभर सगळ्यांना खायला घालून शेवटचं काम हे, मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

प्रश्न: मी हौसेने झाकणवालं बिडाचं भांडं आणलं. पहिल्या दिवशी सगळं चिकटलं, आता पावसात गंज चढलाय. टाकून देऊ का? – डोंबिवलीची वाचक

अजिबात टाकू नका! गंजलेलं बीड मेलेलं नसतं. तारेच्या घासणीने गंज निघेपर्यंत घासा, साबणाने धुवा, आणि लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडं करा, फडक्याने पुसून ठेवू नका, जुलैच्या हवेत फडक्याने पुसलेलं बीड तासाभरात परत तांबूस दिसायला लागतं. भांडं कोमट असतानाच तेल चोळा आणि मग ते तेल असं पुसून काढा जसं काही चुकून लागलं होतं. इथेच सगळ्यांचं चुकतं, जास्त तेल राहिलं की चिकट थर बसतो. ओव्हन असेल तर भांडं उपडं घालून २३० अंशाला एक तास, तिथेच गार होऊ द्यायचं, असं तीनदा. ओव्हन नसेल तर मध्यम गॅसवर धूर येऊन थांबेपर्यंत. खिडकी उघडी ठेवा.

भांडं तेल पितं असं आपण म्हणतो, पण तसं नसतं, तेलाचा पातळ थर तापून कडक होतो आणि धातूला घट्ट धरून बसतो, तो काळा तुकतुकीत रंग त्याचाच. म्हणून तेल सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं घ्या. खोबरेल नको, मला स्वतःला खोबरेल किती आवडतं तरी नको म्हणते, ते असं कडक होत नाही, भांडं तेलकटच राहतं. सुरुवातीचे पंधरा दिवस त्यात चिंच, कोकम, टोमॅटो शिजवू नका, आंबट लागलं की नवा थर निघून येतो. घावन काढा, कांदा परता, भाकरी भाजा. साबण लावू नये असं जे म्हणतात ते जुन्या काळच्या कॉस्टिकवाल्या साबणाचं खरं होतं, आताचा भांड्यांचा साबण थोडा लावला तर काही बिघडत नाही. ठेवताना झाकण आणि भांडं यांच्यामध्ये कागदाची घडी घाला, हवा खेळली पाहिजे.

प्रश्न: कर्जतला फार्महाऊसवर डच ओव्हनमध्ये (ते झाकणवालं बिडाचं भांडं) पाव केला. खाली कोळसा झाला आणि वर कच्चाच राहिला. आम्ही नेमकं काय चुकलो? – वाचक, ठाणे

तुम्ही भांडं आगीवर ठेवलंत, हो ना? चूल पेटली, मस्त जाळ झाला आणि वर भांडं. जाळावर स्वयंपाक होत नाही, पाणी उकळतं फार तर. स्वयंपाक होतो तो निखाऱ्यावर, लाकडाचा जाळ ओसरून लाल निखारे उरले आणि त्यावर राखेची पांढरट साय आली की मग. काऊबॉयांचा कुकी आदल्या तासभरापासून एका बाजूला मोठी शेकोटी चालू ठेवायचा ती निखारे करायलाच, आणि फावड्याने लागतील तेवढेच बाजूला ओढून त्यावर भांडी मांडायचा.

आता त्या भांड्याकडे नीट बघा. खाली तीन बुटके पाय आहेत, झाकण सपाट आहे आणि झाकणाला कडेने उभी पट्टी आहे. ती पट्टी निखारे घसरून पडू नयेत म्हणून. म्हणजे विस्तव खालीही आणि वरही, आणि पावासाठी तर वरच जास्त. माझी आजी रत्नागिरीला तवसोळी (तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा केक) करायची ती अशीच, पातेलं मंद विस्तवावर, वर परात, परातीत निखारे, आणि आम्ही पोरं चुलीपाशी गेलो की ओरडायची. तिने टेक्सास कधी ऐकलं नव्हतं आणि गुडनाइटने तवसं बघितलं नव्हतं, पण दोघांना एकच गोष्ट कळली होती की वरून धग दिली नाही तर माथा भाजत नाही.

हिशोब सोपा आहे. भांड्याचा व्यास इंचात मोजा आणि दुप्पट करा, तेवढ्या कोळशाच्या ब्रिकेट, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या एकसारख्या वड्या. बारा इंची भांड्याला साधारण २४, त्यातून ८ खाली आणि १६ झाकणावर, म्हणजे आत पावणेदोनशे अंशाच्या आसपास तापमान मिळतं, पावाला आणि केकला ठीक. वखारीतला लाकडी कोळसा असेल तर तुकडे लहानमोठे असतात आणि तो जास्त तापून लवकर विझतो, तिथे मोजू नका, नजरेने घ्या. खालचे निखारे गोल कड्यासारखे मांडायचे, बरोबर मध्यभागी एकही नको, तुमचा पाव तिथेच जळला असणार. दर दहा-पंधरा मिनिटांनी भांडं पाव वळसा एका बाजूला फिरवा आणि झाकण पाव वळसा उलट्या बाजूला, कारण वारा एकाच बाजूचे निखारे फुलवतो. आणि झाकण सारखं उघडू नका! वास सांगतो, आधी पिठाचा ओला वास येतो, मग गोडसर, मग भाजल्याचा, तो भाजल्याचा वास आला की बघायचं. उघडण्याआधी झाकणावरची राख झाडून घ्या आणि झाकण सरळ वर उचला, तिरकं केलंत की सगळी राख पावावर.

प्रश्न: लाकूड कुठलं वापरावं? तिकडचं मेस्किट इथे मिळतं का? – वसईहून एक वाचक

मेस्किट म्हणजे टेक्सासकडचं काटेरी झाड, त्याचा सख्खा भाऊ आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतो, आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. दोन्ही एकाच कुळातल्या, आणि ही वेडी बाभूळ मुळात अमेरिका खंडातूनच आलेली आहे. पक्की सुकलेली घ्या, निखारा छान कडक होतो आणि टिकतो. साधी बाभूळही उत्तम, आंब्याचं लाकूड चालेल पण लवकर राख होतं. करवंट्या फक्त पेटवायला, भसकन पेटतात आणि संपतात. कण्हेरीची काटकी चुकूनही नको, ती विषारी आहे. आणि प्लायवूड, रंगवलेली फळी, रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर हे फुकट मिळाले तरी नको, त्यातली रसायनं धुरातून जेवणात उतरतात.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. काऊबॉय बीन्स राजम्याचे करता येतील का? – दादरची वाचक

येतील की, पिंटो आणि राजमा एकाच जातीचे दाणे आहेत, आणि चित्रा राजमा तर दिसायलाही पिंटोसारखाच ठिपक्याठिपक्यांचा. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका. मग नव्या पाण्यात पहिला अर्धा तास खळखळून उकळू द्या, इथे मंद निखारा चालणार नाही. राजम्यात एक विषारी घटक असतो, तो जोरात उकळल्यावरच जातो, नुसत्या मंद धगीवर अर्धवट शिजलेला राजमा खाल्ला तर दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. एकदा उकळला की मग निखारे कमी करा आणि कांदा, भरपूर लसूण, जिरं, सुक्या लाल मिरच्या घालून दोन-तीन तास सोडून द्या. टोमॅटो अगदी शेवटी, आधी घातला तर दाणा मऊच होत नाही. धूर तर उघड्या चुलीचा लागतोच, मांसाची उणीव वाटत नाही.

आणि पाणी कमी पडलं तर वरून घालायचं ते उकळतं पाणी, हे मी माझं एक भांडं गमावून शिकलेय. बदलापूरच्या पुढे मैत्रिणीच्या शेतावर गेलो होतो, गप्पांत लक्ष राहिलं नाही, राजमा तळाला लागायला आला, मी घाईत बाटलीतलं गार पाणी ओतलं आणि टण्ण असा आवाज झाला, एकच. केसाएवढी चीर, काठापासून तळापर्यंत, आणि तिच्यातून रस्सा निखाऱ्यावर ठिबकायला लागला, चर्र चर्र. बिडात कार्बन जास्त असतो, दोन ते चार टक्के, त्यामुळे ते कडक असतं पण लवचिक नसतं, एकदम गार झालं की आकसतं आणि तडकतं. ते भांडं आता बाल्कनीत आहे, त्यात ओवा लावलाय. तेव्हापासून चुलीच्या कडेला पाण्याची किटली कायम गरम असते.

प्रश्न: आमच्या बाल्कनीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर हे करता येईल का? – वाचक, मुलुंड

बाल्कनीत नाही. काचा लावलेल्या बाल्कनीत तर मुळीच नाही, पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. विझल्यासारखी दिसणारी शेगडीसुद्धा घरात आणू नका. गच्चीवर सोसायटीची परवानगी काढून, पत्र्याच्या उंच शेगडीत, पाण्याची बादली जवळ ठेवून, आणि वरच्या मजल्यावर कोणाला दमा आहे का ते आधी विचारून. नाहीतर घरच्या गॅसवर बिडाचं भांडं वापरा, निम्मी मजा तिथेही आहे.

प्रश्न: काऊबॉय कॉफी गाळत नाहीत म्हणे, मग गाळ तोंडात येत नाही का? – बोरिवलीचा कॉफीप्रेमी

नीट केली तर नाही येत. त्या लोकांची आवडती कॉफी होती आर्बकल्सची, त्याआधी कच्चे दाणे आणून कढईत भाजायला लागायचे आणि एक जळला की सगळी कॉफी कडू. आर्बकल बंधूंनी भाजलेले दाणे पाकिटातून विकायला सुरुवात केली, दाण्यांवर अंडं आणि साखरेचा पातळ थर द्यायचे, वास टिकावा म्हणून. प्रत्येक पाकिटात पेपरमिंटची एक कांडी असायची आणि कुकी ओरडायचा, कांडी कोणाला हवी, की थकलेभागले दांडगे गडी दाणे दळायला धावत यायचे.

तुम्ही भरड दळलेली घ्या, इन्स्टंट नाही आणि चिकोरीवालीही नाही. किटलीत पाणी उकळलं की खाली उतरवून कॉफी घाला, माणशी दोन चमचे, ढवळा, चार मिनिटं झाकून निखाऱ्याच्या कडेला ठेवा, उकळू देऊ नका. मग अर्धी वाटी गार पाणी वरून हळूच सोडा. किटली स्टीलची किंवा इनॅमलची असते, तिला गार पाण्याने काही होत नाही. वर तरंगणारा चोथा एकेक करून खाली जाताना दिसतो. दोन मिनिटं किटली हलवू नका आणि मग हळू, एका धारेने ओता, शेवटचा घोट तळाशीच राहू द्या.