शाळेत इतिहास शिकवायला माइनक्राफ्ट किंवा व्हीआरसारखी आभासी जगं वापरावीत का?

वापरा. पण तयार जगात मुलांना फिरवून आणायला नको, त्यांच्याच हातून ते जग उभं करून घ्यायला वापरा.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सातवी-आठवीला इतिहास शिकवता, संस्था व्हीआर चष्मे (डोळ्यांवर चढवले की आभासी जगात असल्यासारखं दिसतं ते) घ्यायच्या विचारात आहे, आणि तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: कोणता प्रोग्राम घ्यावा, तासिका किती लागतील आणि मार्कांत फरक पडेल का. चष्म्यांचं वाचलं आणि राहवलं नाही. म्हणून आधी आमच्या वर्गाचं सांगते, तुमचे प्रश्न मग.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे रचून जग उभं करायचा खेळ; त्याचे परवाने आम्हाला परवडणारे नव्हते. मिनटेस्ट नावाचा तसलाच ठोकळ्यांचा मुक्त प्रोग्राम फुकट मिळतो (2024 पासून त्याचं नाव लुआन्टी झालंय) आणि तो आमच्या संगणक कक्षातल्या जुन्या यंत्रांवरही चालतो. एका यंत्रावर जग उघडायचं, बाकीच्या यंत्रांवरून मुलांनी त्यात शिरायचं. इंटरनेट लागत नाही.

सातवीला पेशवाई असते, म्हणून शनिवारवाडा घेतला. त्याहून मोठं कारण म्हणजे तिथे आज जवळजवळ काहीच उरलेलं नाही. तट आहे, नऊ बुरूज आहेत, पाच दरवाजे आहेत, दिल्ली दरवाजावरचा लाकडी खांबांचा नगारखाना आहे. आत हिरवळ आणि जोती. सहलीला गेलेली मुलं त्या जोत्यांवर बसून डबे खातात आणि परत येतात. इथे सात मजले होते म्हणे, वरून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा म्हणे, असं गाइड सांगतो. मुलं मान डोलावतात.

पहिल्याच तासाला मी एकच नियम घातला. आज जाऊन डोळ्यांनी बघता येतं ते दगडात बांधायचं. कागदात किंवा जुन्या चित्रात सापडतं ते लाकडात. आणि जे आपण अंदाजाने बांधतोय ते काचेत. कुणाला एखादी काच काढून तिथे लाकूड लावायचं असेल तर त्याने वर्गापुढे पुरावा ठेवायचा. शिक्षिकेने सांगितलं हा पुरावा चालणार नाही.

दगडाचं काम भराभर झालं. तट, बुरूज, दरवाजे, हजारी कारंज्याचं कमळ. मोजमापं मुलांनी स्वतः पावलं टाकून आणली होती. लाकडाशी आल्यावर गाडी अडली. पायाभरणी 10 जानेवारी 1730, वास्तुशांत 22 जानेवारी 1732, खर्च 16,110 रुपये, हे सगळ्यांना पाठ होतं, पण त्यातून एक खांबही उभा करता येईना. मग मी त्यांना गणपती रंगमहालातल्या दरबाराचं चित्र दाखवलं. 1790 मध्ये इंग्रजांशी झालेल्या तहाच्या वेळी त्यांचा वकील, म्हणजे राजदूत, चार्ल्स मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात बसलाय, मागे कोरीव खांब आणि कमानी. मुलं खूश झाली. खांब मिळाले, लावा लाकूड.

एका मुलीने चित्र कुणी काढलं ते विचारलं. थॉमस डॅनियल, 1805. तो दरबारात होता का? नव्हता. त्याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून काढलं. मग वेल्स होता का? वेल्स पुण्यात आला 1792 मध्ये, तहानंतर दोन वर्षांनी, आणि चित्र पुरं व्हायच्या आधी, 1795 मध्ये वारला. वर्गात भांडण जुंपलं. वेल्सने वाडा स्वतः बघितला होता, म्हणून खांब लाकडात राहू द्यावेत, असं अर्ध्या वर्गाचं म्हणणं. माणसं कुठे बसली होती ते मात्र त्याने बघितलेलं नाही, म्हणून गाद्या-तक्के काचेत. तेरा वर्षांच्या मुलांनी एकाच चित्राचे दोन भाग केले, एक भरवशाचा आणि एक बिनभरवशाचा. इतिहास शिकवणं म्हणजे मला तरी हेच वाटतं. वीस वर्षं फळ्यावर ‘साधने: लिखित, भौतिक, मौखिक’ असे तीन बाण काढून हे कुणाच्या डोक्यात शिरलेलं मी पाहिलं नव्हतं.

पाण्याचंही तसंच झालं. कारंजं बांधलं, पण पाणी आणायचं कुठून? नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ बांधून पाणी शहरातल्या हौदांत आणि वाड्यात आणलं, हे वाचून दाखवलं. दहाएक किलोमीटरचं अंतर, पंप नाही. आता या खेळातलं पाणी सपाटीवर सात-आठ ठोकळे जाऊन थांबतं. दर थोड्या अंतराने एक ठोकळा खाली उतरवला तरच पुढे सरकतं. दोन मुलं दिवसभर त्या नळाशी झगडली आणि शेवटी नकाशा मागायला आली: बाई, कात्रज वाड्यापेक्षा किती उंच आहे? हा प्रश्न मला कोणत्याही धड्यानंतर कुणी विचारलेला नाही.

मग कुणीतरी विचारलं की पाणी हौदात आलं, पण माजघरापर्यंत भरायचं कोण? त्या काळी कुणबिणी असत, विकत घेतलेल्या दासी, हे मी सांगितलं. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने त्यांच्यासाठी तटाच्या कडेला एक खोली बांधली. पूर्ण काचेची, कारण त्या कुठे निजायच्या हे आमच्यापैकी कुणालाच सापडलं नव्हतं. धडा बाजीराव-नानासाहेबांचा आहे. त्या खोलीपर्यंत धड्याने आम्हाला नेलं नसतं.

शेवटी आग. 27 फेब्रुवारी 1828 ला वाड्याला आग लागली आणि सात दिवस धुमसत राहिली. मुलांना ती लावून बघायची होती. जगाची प्रत काढली, एकाच यंत्रावर उघडली, आणि पेटवलं. सागवानी महाल भराभर गेले, दगड राहिला, आणि समोर उभा राहिला तो थेट आजचा शनिवारवाडा: तट आणि जोती. सहलीत डबा खाल्ला ती जागा मुलांनी तिथल्या तिथे ओळखली. पण काचेचे मजले मात्र हवेत तसेच तरंगत राहिले. एक मुलगा ओरडला, ‘बाई, हे खोटं आहे, खालचा आधार गेल्यावर हे पडायला पाहिजे!’ बरोबर. खेळात गुरुत्वाकर्षण अर्धवट असतं. मग खरोखर पडलं असेल ते गेलं कुठे? ढिगाऱ्यात. आणि तो ढिगारा विसाव्या शतकात उपसला तेव्हाच ही जोती आणि कारंजं वर आलं. उत्खनन कशासाठी करतात, हा धडा वेगळा घ्यावा लागला नाही.

आता चष्म्यांकडे येते. स्नेहसंमेलनात आम्ही हा वाडा पडद्यावर दाखवणार होतो. तयारी बघायला आलेल्या संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, ‘अर्धा वाडा काचेचा? पाहुण्यांना हे अपूर्ण काम दाखवणार? लाकडाने भरून टाका.’ मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पोरं खेळतायत आणि बाई त्याला अभ्यास म्हणतायत. पुढच्या वर्षी एका देणगीदाराकडून व्हीआर चष्मे आले, इतिहासासाठी मिळालेल्या संगणक कक्षाच्या तासिका गेल्या, आणि चष्म्यात कुठल्याशा कंपनीने बनवलेला ऐतिहासिक वाडा होता. झुंबरं, गालिचे, रंगीत भिंती, पार्श्वसंगीत. पूर्ण काम. मी डेमो द्यायला आलेल्या माणसाला विचारलं, हा दुसरा मजला कशावरून केला? तो म्हणाला, आमच्या डिझायनरने केलाय. मुलं चष्मा काढून ‘भारी!’ म्हणाली. काय पाहिलं? झुंबर. पुढे एकही प्रश्न नाही.

ते गृहस्थ कधी हे वाचतील की नाही माहीत नाही, पण त्यांना मी तेव्हा जे नीट सांगू शकले नाही ते इथे सांगते. काचेचा वाडा अपूर्ण नव्हता. त्या वाड्याबद्दल आम्हाला जेवढं सापडलं होतं तेवढंच लाकडात होतं, आणि म्हणूनच तो खरा होता. तुमच्या चष्म्यातला वाडा भरलेला आहे, पण त्यात पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते हे मुलाला कळायला जागाच ठेवलेली नाही. हे फक्त आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांचं दुखणं नाही. ‘असॅसिन्स क्रीड: युनिटी’ या खेळात फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस फार मेहनतीने उभं केलंय, आणि त्यातल्या नोत्र दाम या मोठ्या चर्चवर शिखर आहे. क्रांतीच्या सुमाराला जुनं शिखर उतरवलेलं होतं आणि नवीन चढलं ते 1859 मध्ये. लोकांच्या डोळ्यांना सवय असते म्हणून ते ठेवलं. खेळ म्हणून ठीक आहे. वर्गात त्याच चित्राला इतिहास म्हणायचं तर शेजारी कुणीतरी ‘हे नव्हतं’ म्हणायला उभं हवं.

सगळीच तयार जगं वाईट असतात असं मात्र नाही. त्याच खेळमालिकेने 2018 मध्ये प्राचीन इजिप्तची मारामारी वगळलेली शैक्षणिक सफर काढली. त्यात शाळेत मुलीही बसलेल्या दाखवल्यात, आणि प्रत्यक्षात तसं नव्हतं, हा आमचा निर्णय आहे, हेही बनवणाऱ्यांनी तिथेच सांगितलंय. असं सांगणारं काही मिळालं तर जरूर दाखवा.

बांधून घेण्यातही धोके आहेत. मुलगे कीबोर्ड सोडत नाहीत, त्यामुळे मुली शेजारी बसून ‘आता इकडे’ एवढंच म्हणत राहतात. जागा सक्तीने बदलायला लावा. आणि वाडा उभा राहिला की मुलं नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा प्रसंग खेळायला मागतातच. मी परवानगी दिली नाही, आजही देणार नाही. 30 ऑगस्ट 1773 ला त्या वाड्यात अठरा वर्षांच्या मुलाला मारलं. तो प्रसंग कागदपत्रांतून वाचायचा, मारेकरी कोण आणि हुकूम कुणाचा यावर वाद घालायचा. कुणी गारदी व्हायचं नाही.

तुमचे तीन प्रश्न. प्रोग्राम: पैसे असतील तर माइनक्राफ्टची शिक्षणासाठीची आवृत्ती, नसतील तर लुआन्टी. फरक फारसा पडत नाही, नियम काय घालता त्याने पडतो. तासिका: अख्खा वाडा घेऊ नका, आम्ही घेतला आणि अभ्यासक्रमाची ओढाताण झाली. एक दरवाजा, एक हौद, गावातली एखादी बारव किंवा वेस घ्या. आठवड्याला एक तासिका धरली तरी एका सत्रात होतं. मार्क: रिकाम्या जागा आणि जोड्यांत काही फरक दिसला नाही. ‘कारणे लिहा’ आणि ‘तुमचे मत लिहा’ यात दिसला, कारण मुलं गाइडमधलं वाक्य लिहायचं थांबवून स्वतःचं लिहू लागली. गाइडबाहेरचं उत्तर नीट वाचणारा परीक्षक प्रत्येक वेळी भेटेल, याची हमी मी देत नाही.

आणि चष्मे येणारच असतील तर आल्या दिवशीच कंपनीकडून लेखी यादी मागा: आत दिसणाऱ्या कोणत्या गोष्टी पुराव्याच्या, कोणत्या अंदाजाच्या. मुलांना सफरीनंतर आत बघितलेल्या पाच गोष्टी वहीत लिहायला लावा आणि प्रत्येकीपुढे दगड, लाकूड की काच ते ठरवू द्या. मग ती यादी वर्गात वाचा. यादी द्यायला कंपनी तयार नसेल तर बिल थांबवायला सांगा, आणि त्या पैशांत मुलांना मोजपट्ट्या घेऊन खऱ्या वाड्यावर न्या.