नर्सिंगचा फॉर्म भरण्याआधी

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

एएनएम, म्हणजे आरोग्यसेविकेचा कोर्स, दोन वर्षांत उरकतो म्हणून घरचे तिकडे ढकलतायत, हे कळलं. खर्च झेपत असेल तर चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग कर, नाहीतर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. दोन्हींत बाळंतपणाचं शिक्षण येतं आणि भोपाळच्या नर्सिंग कौन्सिलकडे नर्स व मिडवाइफ (शिकलेली सुईण) अशी नोंदणी होते. पुढे नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा बाळंतपणाच्या विशेष शिक्षणाचा १८ महिन्यांचा कोर्स करावासा वाटला तर यांपैकीच एक हाताशी लागतं.

कॉलेजची मान्यता मात्र स्वतः तपास. आपल्या मध्य प्रदेशात हायकोर्टाला नर्सिंग कॉलेजांची चौकशी सीबीआयकडे द्यावी लागली होती. काकांची ओळख असणं म्हणजे मान्यता नव्हे! शिकताना हॉस्पिटलातली पोस्टिंग कुठं मिळते, तिथं बाळंतपणं किती होतात, हे शिकणाऱ्या मुलींनाच गाठून विचार. लेबर रूम ओस असेल तर फी कमी असून काय उपयोग?

आणि लेबर रूममध्ये उभी राहशील तेव्हा पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा तक्ता, ड्यूटी संपताना अंदाजाने भरू नकोस. तसं करणाऱ्या सिस्टर भेटतील, त्यांचं अनुकरण नको. गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलं की नोंद सुरू करायची. दर अर्ध्या तासाने कळ ओसरल्यावर बाळाचे ठोके पूर्ण मिनिटभर मोजायचे. ११० च्या खाली किंवा १६० च्या वर गेले की लगेच डॉक्टरांना सांगायचं. दहा मिनिटांत किती कळा येतात, हे बाईला विचारून नाही, पोटावर हात ठेवून बघायचं.

बाळ बाहेर आलं की पोट चाचपून आत दुसरं नाही ना याची खात्री कर आणि मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दे. ते फ्रिजमधून काढलेलं आहे की मे महिन्याच्या उन्हाळ्यात दुपारभर ट्रेमध्ये पडलं होतं, तेही बघ. तापलेल्या औषधाचा जोर जातो, आणि रक्तस्राव थांबत नाही तेव्हा ते लक्षात येतं.

इंदूरजवळच्या देपालपूर-सांवेरकडच्या बायका मालवी बोलतात. तुला मोडकीतोडकी आली तरी बोल. कुणी आरडाओरडा केला तर दटावू नकोस, तिची आई किंवा जाऊ जवळ थांबू दे.

आजी म्हणतात, सुईणीची कामं आपल्यात कोणी करत नाही. ऐकून घे. डिंकाच्या लाडवांबद्दल त्यांचा सल्ला जरूर माग, कोर्सबद्दल नको.

ज्या दोन कॉलेजांचा विचार चाललाय त्यांची नावं कळव. तिथं शिकवणाऱ्या कुणी ओळखीच्या निघाल्या तर विचारून सांगते.

तुझी मावशी