सख्खी भावंडे, एकच कप्पा. मग हगवण काहींनाच का?

प्रश्न : माझ्या पुतण्याने महूजवळ वराहपालन सुरू केले आहे. २८ दिवसांची पिल्ले आईपासून तोडली आणि सहाव्या दिवशी हगवण सुरू झाली. तीन पिल्ले दगावली. त्यांना चिकटून झोपणारी सख्खी भावंडे मात्र ठणठणीत राहिली. सर्वांत गुटगुटीत पिल्लाला हगवण नव्हती, पण त्याच्या पापण्या सुजल्या, ते झोकांड्या खाऊ लागले आणि मेले. खुराक-पाणी एकच असताना असे का व्हावे? कोलिस्टिन या प्रतिजैविकाची पूड द्यावी का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : पिल्ले गमावल्याचे दुःख मी समजू शकतो. दूध तोडल्यानंतरची अशी हगवण बहुधा ई. कोलाय या जिवाणूमुळे होते; पण तो पोटात जाणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहान आतड्यातील अन्नरस सतत पुढे सरकत असतो. त्या प्रवाहात टिकायचे तर जिवाणूला आतड्याची भिंत धरावीच लागते. त्यासाठी त्याच्या अंगावर केसांहून कितीतरी बारीक असे प्रथिनांचे तंतू असतात. दूध तोडलेल्या पिल्लांत त्यांचे दोन प्रकार मुख्यतः आढळतात : एफ-४, ज्याला पूर्वी के-८८ म्हणत, आणि एफ-१८. हे तंतू पेशींवरील ठरावीक रेणूंनाच चिकटतात, आणि ते रेणू पिल्लाच्या आतड्यात आहेत की नाहीत हे आनुवंशिकतेवर ठरते. उदाहरणार्थ, एफयूटी-१ या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाला, तर त्या पिल्लाच्या आतड्यात एफ-१८ ला पकडच मिळत नाही. म्हणून एकाच वेतातील एक पिल्लू मरते आणि दुसरे खेळत राहते.

वयाचाही संबंध आहे. एफ-१८ चिकटतो ते रेणू जन्मतः फार थोडे असतात आणि वयाबरोबर वाढतात. तोपर्यंत आईच्या दुधातील प्रतिपिंडे जिवाणूंना भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत. दूध तुटते त्या दिवसापासून हे संरक्षणही थांबते. त्यातच नवा खुराक, गारठा आणि आईचा विरह. एकदा चिकटलेला जिवाणू विष सोडतो, त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार आतड्यात ओतले जातात. शेपटीखालचा भाग ओला, डोळे खोल, कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते : पिल्लू मरते ते मुख्यतः पाणी संपल्याने. त्यामुळे मीठ-ग्लुकोजचे पाणी लगेच, वरचेवर पाजावे.

गुटगुटीत पिल्लाची लक्षणे मात्र सूज-रोगाशी जुळतात. एफ-१८ तंतूंचेच काही जिवाणू शिगा जातीचे विष तयार करतात. ते रक्तात उतरून बारीक रक्तवाहिन्या बिघडवते, म्हणून पापण्या सुजतात आणि मेंदूवर परिणाम होऊन तोल जातो. भरभर वाढणारी पिल्लेच याला अधिक बळी पडतात.

कोलिस्टिन देऊ नये. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांकरिता त्याची निर्मिती व विक्री आपल्या देशात जुलै २०१९ पासून बंद आहे; माणसांच्या अवघड संसर्गांत ते शेवटच्या उपायांपैकी एक आहे आणि ते आपण गोठ्यात संपवू नये, असे माझे ठाम मत आहे. पुन्हा पिल्लू दगावल्यास, शक्यतो ज्याला औषध दिलेले नाही असे, बर्फात ठेवून त्याच दिवशी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. कोणता तंतू आणि कोणते विष हे कळल्यावरच प्रतिजैविक वा लस यांचा निर्णय घेता येईल.

पुढच्या वेताला दूध सहा ते आठ आठवड्यांनी तोडावे, त्याआधीच पिल्लांना कोरड्या खुराकाची थोडी-थोडी सवय लावावी आणि कप्पा उबदार ठेवावा. कोणत्या नर-मादीची पिल्ले वाचली याची नोंद आजच वहीत करण्यास पुतण्याला सांगावे. पैदाशीचा नर निवडताना तिचा उपयोग होईल.