पट्टा बदलू नका, आधी हात बदला

आजोबांच्या वस्तऱ्याला धार लावून आणली, दोन इंची चामडी पट्ट्यावर (स्ट्रॉपवर) रोज साठ फेऱ्या मारतो, तरी चौथ्या दाढीला ओढतो. महागाचा पट्टा घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात घेऊ नका.

धार काढायची ती निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर. पट्टा फक्त दाढीत किंचित वळलेली कड सरळ करतो. पण पातं उलटवताना पाठ, म्हणजे पात्याची जाड बोथट बाजू, चामड्यावरून सुटली, की तीच कड गोल होते. तुमचं बहुतेक हेच होतंय, आणि साठ फेऱ्यांत साठदा होतंय.

पट्टा ताठ धरा. पाठ आणि धार दोन्ही टेकवा, दाब जवळपास नाहीच. पाठ पुढे, धार मागून. टोकाला पोचलात की थांबा. मग दांडा बोटांत फिरवून पाठीवरच पातं उलटा. मनगट वळवायचं नाही. वेग आपोआप येतो. मी घाईत शिकलो, तिसऱ्याच दिवशी दारातून कुणीतरी हाक मारली, मान वळली आणि हात धार पुढे करून परत आला. नव्याकोऱ्या तीन इंची पट्ट्याला अर्धा इंच चीर! म्हणून पहिला पट्टा स्वस्तातलाच बरा.

तीन इंची पट्ट्यावर अख्खं पातं बसतं. दोन इंचीवर ते तिरपं सरकवत ओढा, नाहीतर टोक तसंच राहतं.

चामड्याआधी सुती पट्टीवर वीसेक फेऱ्या. त्यासाठी विकतचा कॅनव्हास कशाला, खाटेच्या जाड नवारीचा तुकडा धुऊन घ्या. सोलापुरात आहोत म्हणून चादर कापू नका, तिची नक्षी उठावाची असते. धार घासायची हिरवी पेस्ट रोजच्या चामड्याला लावायची नाही, ती निघत नाही. तिच्यासाठी फळीवर चामड्याचा वेगळा तुकडा चिकटवा.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो, चामडं पापडासारखं होतं. खिडकीत टांगू नका. वापरण्याआधी तळहाताने चोळा, तेवढा तेलकटपणा पुरतो. खोबरेल नको. पात्याला मात्र नीट पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब.

सराव जेवणाच्या बोथट सुरीवर करा. वस्तऱ्याची गोल झालेली कड आता पट्ट्याने यायची नाही, आधी बारीक निसण्यावर न्यावी लागेल. ज्याच्याकडून धार लावून आणलीत त्यालाच द्या, आणि साठ फेऱ्यांचं लपवू नका.