जन्मवर्षाचं घड्याळ आणि जिनिव्हाचा हातोडा

प्रश्न : वय ४७, तेलवाहू जहाजावर चीफ इंजिनीअर. वर्षातले सहा-सात महिने बोटीवर, बाकी ठाण्यात. म्युच्युअल फंडांत ५५ लाख, एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) मुदत ठेवीत ४० लाख. घराचं कर्ज ३४ लाख बाकी, मुलगी अकरावीत. जिनिव्हाच्या लिलावात १९७८ चं, म्हणजे माझ्या जन्मवर्षाचं रोलेक्स सबमरिनर ५५१३ येतंय. कॅटलॉगमधला अंदाज ८ ते १२ हजार फ्रँक. ठेवीतले १२ लाख मोडून घ्यावं म्हणतो. जुनी डायव्हर (पाणबुड्यांसाठीची) घड्याळं भावात वाढतच जातात, तेव्हा गुंतवणूक म्हणूनही चालेल ना?

उत्तर :

नमस्कार चीफसाहेब,

शेवटचं वाक्य माझ्यासाठी लिहिलंत की घरी दाखवायला, असा प्रश्न मला पडला. हौसेला माझी हरकत नाही. उभी उमर इंजिनरूमच्या उकाड्यात काढलेल्या माणसाने मनगटावर काय बांधावं हे मी कोण सांगणार? पण गुंतवणूक म्हटलंत, म्हणून पाटी-पेन्सिल काढतो.

हिशेब सोपा जावा म्हणून फ्रँक १०० रुपये धरू. खरा भाव चढाच आहे. हातोडा, म्हणजे शेवटची बोली, १० हजार फ्रँकवर पडला, म्हणजे १० लाख. कॅटलॉगमधला अंदाज एवढ्यापुरताच असतो. त्यावर लिलावगृहाचा 'बायर्स प्रीमियम' (खरेदीदाराकडून घ्यायचं कमिशन) बसतो, तो २६ टक्के धरा. झाले १२ लाख ६० हजार. विमा आणि पाठवणी मिळून १२ लाख ९०. भारतात उतरलं की सीमाशुल्क २० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार, आणि या सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. एकत्र ४४ टक्के, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर. घड्याळ घरी येईपर्यंत १८ लाख ६० हजार गेले. तुम्ही १२ लाखांची ठेव मोडायला निघाला होतात.

आता विकायची बाजू. लिलावगृह विक्रेत्याकडूनही कमिशन घेतं. १० टक्के धरू. तुमचे १८ लाख ६० हजार परत हातात यायचे तर हातोडा २० लाख ६७ हजारांवर पडायला हवा. घेतलेल्या भावाच्या दुप्पट भाव आला, तर नुसतं मुद्दल सुटलं. हीच रक्कम एनआरई ठेवीत साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं राहिली तर पस्तीस लाखांजवळ जाते, आणि तुम्ही अनिवासी आहात तोवर ते व्याज करमुक्त. तिची बरोबरी करायला घड्याळाचा भाव जवळजवळ चौपट व्हावा लागेल. मधली सर्व्हिसिंग आणि विम्याचे हप्ते मी मोजलेलेच नाहीत.

'वाढतच जातात' म्हणणारे लोक २०१७ चा न्यूयॉर्कचा लिलाव सांगतात. हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन यांचं स्वतःचं रोलेक्स डेटोना तिथे १ कोटी ७७ लाख डॉलरना गेलं. पण ते पैसे न्यूमन यांच्या मनगटाचे होते. २०२२ च्या सुरुवातीनंतर रोलेक्सच्या वापरलेल्या घड्याळांचे भाव कसे घसरले, ते मात्र कुणी सांगत नाही. आणि ५५१३ हे दुर्मीळही नव्हे. १९६२ पासून पंचवीसहून अधिक वर्षं ते कारखान्यातून निघत होतं. हे हुकलं तर पुढच्या हंगामात दुसरं येईल.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुन्या डायव्हर घड्याळाची किंमत यंत्रात कमी आणि तबकडीत जास्त असते. या घड्याळांनी आयुष्यभर पाणी, घाम आणि आपटणं सोसलेलं असतं, त्यामुळे मालकांनी ती इमानदारीने दुरुस्तीला दिली आणि दुरुस्तीत तबकडी, काटे, बेझेलची (काचेभोवतीच्या कड्याची) पट्टी बदलून आली. मालक खूश झाला, पण संग्राहकाच्या लेखी घड्याळाची किंमत तिथेच पडली. केसला पॉलिश मारून मारून पट्ट्याजवळचे कान बारीक झाले, की आणखी पडली. एक सोपी परीक्षा सांगतो. १९७८ च्या तबकडीवर ट्रिटियम, म्हणजे अंधारात चमकणारा किरणोत्सारी रंग, असायला हवं. त्याचं अर्धायुष्य साधारण १२.३ वर्षं, म्हणजे आज ते जवळजवळ विझलेलं असणार. दिवा मालवल्यावर बराच वेळ लख्ख चमकत राहिलं, तर तबकडी किंवा रंग नंतरचा आहे. लिलावगृहाकडून कंडिशन रिपोर्ट मागवा आणि अंधारातला फोटोही मागा.

तज्ज्ञ असतात की, असं म्हणाल. २०२१ मध्ये जिनिव्हातच ओमेगाचं १९५७ चं एक स्पीडमास्टर ३१ लाख फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा होती, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच सांगितलं, की ते इकडच्या-तिकडच्या भागांचं जुळवलेलं घड्याळ होतं. जिने बनवलं तिलाच फसवता आलं, तिथे तुम्ही बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर फोटो मोठे करून काय बघणार? आणि हे फक्त परदेशातलं नाही. तबकडी नव्याने रंगवून विकायच्या जुन्या घड्याळांना जगभरचे शौकीन 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे आपलं भूषण.

आणखी एक अडचण. वापरलेली वस्तू (यंत्रसामग्री सोडून) भारतात आयात करायला विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. वरचा सगळा हिशेब तो मिळाला असं धरूनच केला. स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे हे खरं, पण १९७८ च्या वापरलेल्या घड्याळाला मूळ देशाचा दाखला कोण देणार? 'हातात घालूनच येईन' हा विचार तुमच्या मनात आलाच असेल. लिलावाची पावती तुमच्या नावावर, तुमच्याच ईमेलमध्ये असेल. विमानतळावर हे प्रकरण अंगाशी आलं, तर मला फोन करू नका, वकिलाला करा.

तेव्हा माझं मत : ही ठेव मोडू नका. बोटीवरच्या दोन करारांच्या मधल्या बिनपगारी महिन्यांचा तो आधार आहे, आणि दीड-दोन वर्षांत मुलीच्या कॉलेजची फी त्यातूनच जायची आहे. कर्ज २० लाखांच्या खाली आलं की ५५१३ चा विषय पुन्हा काढू. तोवर राहवत नसेल, तर पुढच्या कराराच्या पगारातून सहा लाख वेगळे काढा आणि घरच्या वहीत ते 'खर्च' म्हणून लिहा. सगळे कर धरून सहा लाख म्हणजे हातोडा सव्वातीन हजार फ्रँकपर्यंत. एवढ्यात सबमरिनर विसरा. १९६७ च्या डॉक्सा सबची नारिंगी तबकडी बघा, किंवा फाव्र-ल्यूबा. हा ब्रँड एकोणिसाव्या शतकातच मुंबईत विकायला आला. १९६८ च्या त्यांच्या 'बॅथी'त तर खोली मोजायचं यांत्रिक साधनच होतं. भारतातच मिळालं तर शुल्क आणि परवाना दोन्ही टळतात, फक्त तबकडी जाणत्या माणसाला दाखवून घ्या.

बोली लावाल तेव्हा आकडा आदल्या दिवशी लेखी देऊन टाका. मग लिलाव चालू असताना फोन केबिनमध्ये ठेवून खाली इंजिनरूममध्ये जा. मिळालं की नाही ते तुमची 'वॉच'ची पाळी संपल्यावर कळेलच.