टाचा ठणकतात, मग पायाखाली काय घालू?

प्रश्न : चिपळूणला आमच्या तळमजल्यावर १२ बाय १० फुटांची खोली आहे. निवृत्तीनंतर तिथे सुतारकाम सुरू केलं. खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आहे. टेबलाशी दोन तास उभं राहिलं की टाचा आणि पोटऱ्या ठणकायला लागतात. सगळ्या खोलीत प्लायची जमीन करून घ्यावी असं मनात आहे, चार शीटचा हिशोबही काढलाय. जुलै २०२१ च्या पुरात याच खोलीत कमरेएवढं पाणी होतं. करू का?

उत्तर : सगळ्या खोलीत नको. पुराचं तुम्हीच लिहिलंत, तेवढ्यावरच मी नको म्हणेन. ठोकून पक्की केलेली जमीन पाणी आल्यावर उचलता येत नाही, आणि पाणी ओसरलं तरी तिच्याखालचा चिखल महिनाभर वाळत नाही. मग वाळवी. तुम्हाला पायाखालचा तुकडा हवा आहे, तोही उचलता येणारा.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत तीस वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे लाकडी नमुने, बनवले. शॉपमध्ये खाली कोबा होता. पहिल्या महिन्यात घरी गेलो की जिना चढवत नसे. आमच्या मिस्त्रींनी जुन्या पॅकिंगच्या फळ्या दोन पट्ट्यांवर ठोकून एक पाट करून दिला आणि म्हणाले, यावर उभा राहा. आठवड्यात फरक पडला. पट्ट्यांवरची फळी पायाखाली किंचित दबते, पाय सतत थोडे हलत राहतात, पोटऱ्या आखडत नाहीत. कोबा किंवा टाइल तसूभरही दबत नाही. दुसरा फायदा पटाशीला, म्हणजे लाकूड कोरायच्या सपाट धारेच्या हत्याराला. टाइलवर पडलेली पटाशी टोकावर आपटली तर धारेचा कोपरा जातो आणि अर्धा दिवस दगडावर घासत बसावं लागतं. फळीवर ती बहुतेक वेळा नुसती रुतते. गावाकडे सुतार सारवलेल्या जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करायचे, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. आपण टेबलाशी उभे राहिलो आणि जमीन मात्र दगडाची झाली.

तुमच्यासाठी असं करा. आयएस ७१० मार्काची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्रकारातली, १८ मिमी प्लायची एकच ८ बाय ४ ची शीट घ्या आणि मधोमध कापून ४ बाय ४ चे दोन तुकडे करा. प्रत्येकाखाली २ बाय १ इंचाच्या पाच पट्ट्या, आडव्या, १२ इंचांवर. स्क्रूची डोकी प्लायच्या आत बुडवा. पट्ट्यांच्या खाली जुन्या सायकल ट्यूबचे तुकडे चिकटवा, म्हणजे टाइलवर पाट सरकणार नाही. सगळी उंची पावणेदोन इंचांच्या आसपास होते. दार आत उघडत असेल तर आधी मोजा. मोकळ्या कडेला तासून उतरती केलेली पट्टी लावाच, नाहीतर लाकूड हातात घेऊन वळताना हमखास ठेच लागते. वरून वॉर्निश नको, घसरतं. कच्चा प्लायच पायाला धरतो. महिन्या-दोन महिन्यांनी दोघांनी मिळून तुकडे उभे करा, खालचा भुसा झाडा. पुराचा इशारा आला तर ते माळ्यावर जातील.

प्लायऐवजी घरच्या फणसाच्या किंवा सागाच्या फळ्या वापराव्याशा वाटल्या तर माझी चूक करू नका. मी एका मे महिन्यात माझ्या घरच्या खोलीत फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून, भिंतीपर्यंत ठोकल्या. जुलैत जमीन मध्येच पालथ्या होडीसारखी वर आली. लाकूड पावसाळ्यात लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं, आणि मी त्याला जागाच ठेवली नव्हती. त्या दिवशी माझं मला फार वाईट वाटलं, कारण हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगत होतो.

ओल तपासायची ती पावसाळ्यातच. टाइलच्या सांध्यांवर दोन फूट चौरस जाड प्लास्टिक पसरा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा, एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल खालून येते आहे. मग पाटाखाली प्लास्टिकचा अखंड कागद टाका.

कोड्यासारखे जोडायचे फोमचे रंगीत चौकोन घेऊ नका. सांध्यांत भुसा बसतो, कडा वळतात. त्यापेक्षा गोठ्यात गाईंसाठी टाकतात ती जाड रबरी मॅट उत्तम. पशुखाद्याच्या दुकानात चौकशी करा. उचलायला दोन माणसं लागतात, पण जागची हलत नाही आणि पाण्याने धुता येते. पहिले काही दिवस रबराचा वास येतो, उन्हात टाका.

मशिन मात्र पाटावर ठेवू नका, सरळ टाइलवरच. गोल करवतीसमोर, जिथे तुम्ही उभे राहता तिथे, खरखरीत चिकटपट्ट्या लावा. टाइलवरचा बारीक भुसा रांगोळीसारखा निसरडा होतो, आणि फिरत्या पात्यासमोर पाय घसरणं मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. स्लीपर घालून काम करत असाल तर आजच बंद करा.

प्रश्न : ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाल्कनीत पटाशीकाम करताना खालच्या घरात धक्के जाणवतात. मॅट टाकून थांबतील का?

उत्तर : नुसती पायाखाली टाकून नाही. धक्का टेबलाच्या पायांतून उतरतो. प्रत्येक पायाखाली जाड रबराचे दोन तुकडे एकावर एक ठेवा आणि मध्ये प्लायचा चौकोन घाला. ठोकायचं काम टेबलाच्या मधोमध न करता पायाच्या बरोबर वर करा. तिथे फळी उडत नाही, त्यामुळे कमी ठोके पुरतात. आणि शेजाऱ्यांच्या दुपारच्या झोपेची वेळ विचारून घ्या.