लेखकाची ओळख नसताना पुस्तकाच्या दुकानातल्या कादंबरी-प्रकाशनाला गेलं तर चालतं का? तिथं नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी कोल्हापूरहून पुण्याला येऊन चारच महिने झालेत. एका नव्या कादंबरीच्या प्रकाशनाचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत तुमच्यापर्यंत आलंय, कार्यक्रम पुस्तकाच्या दुकानात आहे, लेखिकेचं काहीच वाचलेलं नाही, आणि आपण तिथं आगंतुक ठरू अशी धास्ती वाटतेय.

बिनधास्त जा. मी पुण्यातल्या एका पुस्तकांच्या दुकानात अकरा वर्षं काउंटर सांभाळला. अशा किती संध्याकाळी खुर्च्या मांडल्या नि आवरल्या, त्याची मोजदाद नाही. नातेवाईक येतात, लेखकाचे कॉलेजचे मित्र येतात, ऑफिसातले येतात, दुसरे लेखक येतात. कुणाचाही कुणी न लागणारा वाचक फार थोडा येतो आणि सगळे त्याचीच वाट बघत असतात. दार ढकलून अनोळखी माणूस आत आला की आमचे मालक मला डोळ्यांनी खुणावायचे, आणि मी त्याला पुढच्या रांगेत बसवायचे.

पुण्यात बरीचशी प्रकाशनं सभागृहात होतात. टिळक रोडला साहित्य परिषदेचं माधवराव पटवर्धन सभागृह, नवी पेठेत पत्रकार भवन, जवळच एस. एम. जोशी सभागृह. तिथं दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन-चार वक्ते, अध्यक्षीय भाषण असा सगळा क्रम असतो. लेखकाच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं येतात, तोवर लोकांचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं. दुकानात मंच नसतो. मधलं टेबल सरकवून तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या लावल्या की जागा संपते, उरलेले लोक कपाटांना टेकून उभे राहतात. लेखिका तुमच्यापासून चार हातांवर बसलेली असते.

प्रकाशनाचा विधी दोन मिनिटांचा. रंगीत कागदात बांधलेल्या चार-पाच प्रती पाहुण्यांच्या हातात देतात, रिबीन सुटते, कागद फाटतो, सगळे मुखपृष्ठ समोर धरून उभे राहतात आणि फोटो निघतो. मग कुणीतरी लेखिकेशी गप्पा मारतं. आणि मग अभिवाचन. माझ्या मते संध्याकाळ खरी असते ती तिथंच.

एक प्रसंग सांगते. जुलै महिना, बाहेर पावसाची झड. खुर्च्या तीस आणि माणसं एकोणीस. लेखिकेची ती दुसरी कादंबरी, एका चाळीतल्या कुटुंबावरची. ती मधलंच एक पान वाचत होती. त्यात एक वाक्य होतं, आई डबा घासून पालथा घालते आणि हसते. वाचून झाल्यावर प्रश्न विचारा म्हटलं तर नेहमीसारखी शांतता. तेवढ्यात प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी बसलेल्या एका मुलीने हात वर केला. आधी कधी न पाहिलेली. आल्या आल्या तिने प्रत विकत घेतली होती आणि ती मांडीवर उघडून लेखिकेच्या आवाजाबरोबर ओळीवर बोट फिरवत होती. ती म्हणाली, 'पुस्तकात "ती उगाच हसली" असं आहे. तुम्ही "उगाच" वाचला नाहीत.'

लेखिकेने पान पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, 'ती उगाच हसत नाही. हे मला आत्ता वाचताना कळलं. लिहिताना कळलं नव्हतं.'

त्या संध्याकाळी सव्वीस प्रती गेल्या. सही करताना तिने प्रत्येक प्रतीत ते पान काढून 'उगाच'वर रेघ मारली. त्यातली एक प्रत माझ्याकडे आहे. पहिली रेघ उमटली नाही म्हणून तिने पेन झटकून दुसरी मारली, पानाच्या कडेला शाईचा बारीक ठिपका पडलाय.

बाकीचे अठरा जण काही लक्ष न देता ऐकत होते असं नाही. पण आम्ही आमच्या ओळखीच्या बाईला ऐकत होतो, आणि ती मुलगी कादंबरी ऐकत होती. म्हणून म्हणते, लेखिका ओळखीची नाही ही अडचण समजू नका. पूर्वी काही वाचलेलं नाही हीही नाही. नवी कादंबरी त्या दिवशी तशीही कुणीच वाचलेली नसते. हस्तलिखित वाचलेली दोन-तीन माणसं सोडली तर सगळे तुमच्याइतकेच कोरे असतात.

आता व्यवहाराचं. तिकीट नसतं. निमंत्रणात 'सर्वांना प्रवेश' असेल तर ते शब्दशः घ्या. सहाची वेळ असेल तर सुरुवात साडेसहाच्या आसपास होते, पण तुम्ही पावणेसहालाच पोचा. त्या अर्ध्या-पाऊण तासात कपाटं बघता येतात, आणि कुणाशी बोलावं हा प्रश्न राहत नाही, कारण पुस्तक चाळत असलेल्या माणसाला एकटं वाटत नाही. चहा मिळेल, कुठे कुठे बटाटेवडाही.

पुस्तक घ्यायलाच हवं अशी सक्ती नसते. त्या दिवशी बहुतेक ठिकाणी सवलत असते, तेव्हा घ्यायचं मनात असेल तर तेव्हाच घ्या. पण आधी एखादं पान वाचा, आवडलं तर घ्या, नाहीतर ठेवून द्या. काउंटरवरच्या माणसाला त्याचं वाईट वाटत नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. एक हिशोब मात्र माहीत असू द्या. मराठी कादंबरीची आवृत्ती पूर्वी हजार-अकराशे प्रतींची निघायची, आता पाचशे किंवा तीनशेचीही निघते. चारशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्के मानधन धरलं तर लेखिकेला एका प्रतीमागे चाळीस रुपये. त्या पावसातल्या सव्वीस प्रतींचे झाले एक हजार चाळीस. पैशासाठी कुणी ही संध्याकाळ मांडत नाही, दुकानदारही नाही. ऑनलाइन सवलतीशी त्याला बरोबरी करता येत नाही. माणूस एकदा दुकानात येऊन बसला, तर पुढच्या महिन्यात पुन्हा येईल, एवढीच त्याची आशा असते. मुंबईत फोर्टमधलं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ पासून चाललेलं दुकान, तेही २०१८च्या फेब्रुवारीत बंद पडलं. तिथं जवळच फ्लोरा फाउंटनपाशी किताबखाना आहे. २०२० च्या डिसेंबरात त्याला आग लागली, पुस्तकं जळाली, भिजली, आणि पुढच्या मार्चमध्ये ते पुन्हा उघडलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मी आमच्या दुकानात सगळ्यांना पेढे वाटले होते. आमचा त्या दुकानाशी काही संबंध नव्हता.

सही घेताना आपलं नाव चिठ्ठीवर लिहून न्या. सुमित की सुमीत, हे तोंडी सांगून गोंधळ होतो, आणि दुसऱ्याच्या नावाचं पुस्तक जन्मभर कपाटात राहतं. सही पहिल्या छापील पानावर घ्या. मुखपृष्ठाच्या आतली बाजू गुळगुळीत असते, तिथं शाई पसरते.

आणि प्रश्न विचारा. 'हे तुमच्या आयुष्यात घडलंय का' हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, तो तुम्ही सोडून द्या. जे वाचलं गेलं त्यातलंच एखादं वाक्य, एखादी वस्तू, एखादं न कळलेलं वागणं धरा. आवाज कापला तरी चालेल, कागदावर लिहून आणलंत तरी चालेल. त्या मुलीचाही आवाज कापत होता. नंतर ती दर महिन्याला दुकानात यायची, नि प्रवासवर्णनांच्या कपाटापाशी त्याच कोपऱ्यात उभी राहून वाचायची. मालकांनी तिथं एक स्टूल आणून ठेवलं. मी नोकरी सोडली तेव्हा ते तिथंच होतं.